सूर्यासमोरचे सहा दशांश सेकंद

लग्न अकराचं होतं आणि अवकाशस्थानक दहा एक्केचाळीसचं. नवरीची आई म्हणून दोन्हीकडे हजर राहायचं, असं तोकिए कुनीसादा यांनी ठरवलं होतं.

मी त्यांचा शेजारी, उएकी. त्या दिवशी मला काम दिलं होतं वेळ वाचायचं. एकशे सतरा नंबर फिरवला की टेलिफोनवर एक बाई दर दहा सेकंदांनी बिनचूक वेळ सांगते. तो फोन मी कानाला लावायचा आणि वेळ मोठ्याने म्हणायची. पुढे जे लिहिलंय त्यातले आकडे त्या बाईचे आहेत, माझे नव्हेत.

तोकिएबाई सहासष्ट वर्षांच्या. तीस वर्षं त्यांनी शाळेच्या स्वयंपाकघरात साडेचारशे मुलांचं जेवण केलं. निवृत्त झाल्यावर आठ सेंटिमीटरची दुर्बीण घेतली आणि मागच्या अंगणात, कोबीच्या वाफ्याशेजारी उभी केली. तेव्हापासून ऊन असेल त्या दिवशी सकाळी नऊ वाजता त्या सूर्यावरचे डाग मोजतात, फोटो काढतात आणि जिल्ह्याच्या सूर्यनिरीक्षक मंडळाला तक्ता पाठवतात. आमच्या ओकायामात ऊन बहुतेक रोज असतं. नवरा मोरिकाझु म्हणतो, "माझ्या तोंडावर पुरळ आलं तर हिला आठवड्याने कळतं. सूर्याच्या तोंडावर आलं तर पाच मिनिटांत."

मुलगी चिनात्सु त्सुकुबाला असते. अवकाशस्थानकात जपानची प्रयोगशाळा आहे. तिच्यातलं पाणी खेळवणाऱ्या नळ्यांवर जमिनीवरून लक्ष ठेवणं हे तिचं काम. तीन पाळ्यांतलं. बारा वर्षं झाली. सणाला घरी येते ती झोपायला. ती नेमकं करते काय, हे तोकिएबाईंना कुणाला सांगता यायचं नाही. संध्याकाळी स्थानक ताऱ्यासारखं डोक्यावरून जायचं तेव्हा त्या बोट दाखवायच्या. लोक म्हणायचे, "अरे वा, विमान!"

म्हणून त्यांना फोटो हवा होता. स्थानक कधी कधी बरोबर सूर्यासमोरून जातं. एक सेकंदही लागत नाही, पण तेवढ्यात त्याची काळी आकृती पंखांसकट उमटते. अडचण एवढीच की हे फक्त जमिनीवरच्या सहाएक किलोमीटर रुंद पट्ट्यातून दिसतं. पट्ट्याच्या बाहेर असलात तर स्थानक सूर्याच्या शेजारून निघून जातं आणि निळ्या आभाळात काहीच दिसत नाही. पहिल्या वेळी ढग आले. दुसऱ्या वेळी तोकिएबाईंनी कॅमेऱ्याचं बटण एक सेकंद उशिरा दाबलं. रिकाम्या सूर्याचं चार मिनिटांचं चित्रण अजून त्यांच्याकडे आहे.

तिसरी वेळ मुलीच्या लग्नाच्या दिवशी येत होती आणि पट्ट्याची मधली रेघ थेट कोबीच्या वाफ्यावरून जात होती. हे कळल्यावर त्यांनी स्वयंपाकघरात दोन गिरक्या घेतल्या, असं मोरिकाझुने मला सांगितलं. आमच्याकडे लग्नाच्या जेवणाच्या शेवटी नवरी आईवडिलांना लिहिलेलं पत्र वाचते आणि सगळी मंडळी रडतात. त्यासाठी रुमालही वेगळे ठेवलेले असतात. तोकिएबाई म्हणाल्या, "मी रडणार नाही. ती पत्र वाचेल, मी पडद्यावर फोटो लावीन. बघ म्हणावं, तुझं काम मला दिसलं." चिनात्सुला यातलं काही सांगायचं नव्हतं. नवऱ्या मुलाला, कोहेईला, पडद्याच्या व्यवस्थेसाठी सांगितलं होतं. तो चिनात्सुच्या शेजारच्याच टेबलावर काम करतो.

नवऱ्याशी तह झाला. मोरिकाझुने दहाला देवळात जायचं आणि पाहुण्यांना तोंड द्यायचं. तोकिएबाईंनी फोटो काढून पावणेअकराच्या टॅक्सीने निघायचं. देऊळ आठ किलोमीटर. त्या टॅक्सीत नक्की बसतात की नाही हे बघायला मोरिकाझुची मोठी बहीण हात्सुए मागे ठेवली होती.

नोव्हेंबरचा पहिला शनिवार. आभाळ धुतल्यासारखं. साडेनऊला मी गेलो तेव्हा नवरीची आई काळ्या समारंभी किमोनोत, केसांचा मोठा अंबाडा घालून, दुर्बिणीमागे उभी होती. किमोनोच्या खालच्या काठाला कपड्यांचे सहा चिमटे लावून तो गुडघ्यापर्यंत वर घेतला होता. पायांत बागेतले रबरी बूट.

"ताई, जरा सरका. तुमची सावली पडतेय."

"सावली माझीच आहे, तिला कुठे ठेवू?" हात्सुएताई म्हणाल्या. "आणि वाकू नकोस गं. कमरेचा पट्टा सुटला तर परत बांधायला एक तास. पहाटे पाचपासून बांधून घेतलाय."

"वाकतच नाहीये. वाकताच येत नाही. श्वासही मी आळीपाळीने घेतेय."

नऊ बावन्नला त्यांचा फोन वाजला. कोहेई होता. त्यांनी फोन दुर्बिणीच्या खोक्यावर ठेवून आवाज मोठा केला.

"सासूबाई, माफ करा, मी आत्ता कपडे घालताना सहज ऑफिसची पत्रं बघितली..."

"लग्नाच्या दिवशी?"

"सवय. काल दुपारी स्थानकाची कक्षा उंचावलीय. इंजिन सुरू केलं होतं. म्हणजे तुमचं ते... वेळ वगैरे... तेच राहील का?"

फ्रिजवर चुंबकाने लावलेला कागद आठ दिवसांपूर्वीचा होता. स्थानक असं अधूनमधून वर ढकलतात आणि ढकललं की आधीची सगळी गणितं बाद होतात. त्यामुळे ज्या दिवशी बघायचं त्याच दिवशी सकाळी गणित पुन्हा काढायचं, हा नियम तोकिएबाईंनीच मंडळाच्या नवशिक्यांकडून घोकून घेतला होता. त्या सकाळी त्या वेळेला त्यांना दोघी बायका कमरेपाशी आवळत होत्या.

"मूर्ख! मूर्ख बाई!" त्या म्हणाल्या आणि लॅपटॉपवर पडल्या. म्हणजे उभ्याउभ्याच हात लांब केले.

"मी?" कोहेईचा आवाज.

"तू नाही रे बाबा, तू सोन्यासारखा आहेस. ठेव."

नवं गणित नऊ अठ्ठावन्नला आलं. वेळ दहा वाजून एक्केचाळीस मिनिटं बावन्न सेकंद, म्हणजे पंचवीस सेकंद उशिरा. पट्टा नऊ किलोमीटर पूर्वेला सरकलेला. अंगणातून आता काहीच दिसणार नव्हतं. तोकिएबाईंचं बोट नकाशावर पूर्वेकडे सरकत गेलं आणि थांबलं.

"देऊळ आत आहे," त्या म्हणाल्या. "मधोमध नाही, पण आत आहे. सूर्याची कड कापून जाईल. सहा दशांश सेकंद."

"म्हणजे आता आपण शहाण्यासारखं देवळात जायचं ना?" हात्सुएताईंनी विचारलं.

"हो. दुर्बीण घेऊन."

टॅक्सीला लगेच या म्हटलं. ती दहा सहाला आली. चालकाचं नाव कुरोझुमी, पन्नाशीचा, पांढरे हातमोजे. सामान बघून त्याने विचारलं, "लग्नाची भेट का?"

"लग्नाची आई," हात्सुएताई म्हणाल्या.

तिपाई मागच्या डिकीत गेली. नळी आम्हा तिघांच्या मांड्यांवर आडवी ठेवली. पाच किलोचं वजन, जे दुर्बिणीचा तोल सांभाळतं, ते रेशमी रुमालात बांधून हात्सुएताईंच्या मांडीवर दिलं. तोकिएबाईंना अंबाड्यामुळे मान सरळ ठेवता येईना. त्या सगळा रस्ता तिरक्या मानेने बोलत होत्या.

"कुरोझुमी-सान, दहा एक्केचाळीसच्या आत पोचायचंय."

"लग्न अकराचं ना?"

"अकराला नुसतं लग्न आहे."

कुरोझुमीने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी त्याला दोन वाक्यांत प्रकार सांगितला. त्याने एक हातमोजा काढला, घाम पुसला, परत घातला. "बारा वर्षं चालवतोय," तो म्हणाला. "माझ्या गाडीतून आजपर्यंत कुणी सूर्य बघायला गेलं नव्हतं."

दहा एकोणीसला, पुलावर, तोकिएबाई मांडीवरच्या नळीच्या तोंडाशी चाचपायला लागल्या. मग हळूच म्हणाल्या, "उएकी-सान, झाकण कुणी घेतलं?"

दुर्बिणीच्या तोंडावर एक झाकण बसवावं लागतं. त्यात चंदेरी पापुद्रा असतो आणि तो सूर्याचा एक लाखावा भाग तेवढा आत सोडतो. त्याच्याशिवाय डोळा लावला तर डोळा जातो, कॅमेरा लावला तर कॅमेरा जातो. ते झाकण मी घेतलं नव्हतं. हात्सुएताईंनी घेतलं नव्हतं. ते कपडे वाळत घालायच्या काठीला टांगलेलं राहिलं होतं, कारण कोबीवरची माती उडून लागू नये म्हणून तोकिएबाई ते तिथे टांगतात.

"मागे फिरवू?" कुरोझुमीने विचारलं.

"वेळ नाही."

दोन सिग्नल गेले. मग शेजारून एक बारीक आवाज आला. मला वाटलं बाई रडताहेत. त्या हसत होत्या. पट्टा इतका घट्ट होता की हसूही वरच्या वरच येत होतं, उचकीसारखं.

"काय झालं गं?" हात्सुएताई घाबरल्या.

"मी... मुलीचे दागिने विसरले नाही, पाकिटं विसरले नाही, पाचशे वेळा यादी वाचली... आणि यादीत झाकण लिहिलंच नाही! नऊ वर्षं रोज लावतेय म्हणून!" हात्सुएताईही हसायला लागल्या. वजन त्यांच्या मांडीवर उडायला लागलं. कुरोझुमीने गाडी जरा हळू केली.

"पाडू या," तोकिएबाई डोळे टिपत म्हणाल्या. "जुन्या पद्धतीने. भिंगातून सूर्य खाली पाडायचा, पांढऱ्या कागदावर. त्याला झाकण लागत नाही. डोळा लावायचाच नाही मुळी."

"आणि फोटो?" मी विचारलं.

"आधी दिसू दे हो."

देवळासमोरच्या खडीवर आम्ही दहा सत्तावीसला उतरलो. मोरिकाझु घराण्याची पाच चिन्हं असलेला काळा अंगरखा घालून पायरीवर उभा होता. बायकोला टॅक्सीतून उतरताना बघून त्याचा चेहरा उजळला. तिच्यामागून तिपाई उतरली तेव्हा पडला.

"तोकिए! घरच्यांचा फोटो राहिलाय, सगळे..."

"अहो, कागद. पांढरा. मोठा. घडी नसलेला. पळा."

"अगं पण..."

"पळा हो!"

मोरिकाझु पळाला. लाकडी सपाता घालून, खडीवर, कचेरीच्या दिशेने. हात्सुएताई म्हणाल्या, "याला शाळेच्या खेळांनंतर आज पळताना बघतेय."

पुजारी आले. वयस्कर, शांत गृहस्थ. दुर्बिणीकडे बघून त्यांनी विचारलं, काय आहे. मी सांगितलं. ते म्हणाले, "नवरीची मिरवणूक दहा अडतीसला निघते. ती मला थांबवता येणार नाही." जरा विचार केला. "पण पायऱ्यांसमोर फोटोसाठी दोन मिनिटं थांबते. ती नेहमीच थांबते."

दहा पस्तीसला दुर्बीण उभी राहिली. मोटर लावायला वेळ नव्हता. सूर्य हलेल तशी नळी हाताने फिरवायची. तोकिएबाईंनी चिमटे काढायला सुरुवात केली होती, पण एक विसरला. तो शेवटपर्यंत तसाच राहिला आणि सगळ्या फोटोंत आहे.

दहा अडतीसला बासरी सुरू झाली. पुढे पुजारी, मागे कोहेई काळ्यात आणि चिनात्सु नखशिखांत पांढऱ्यात. त्यांच्यावर भलीमोठी लाल कागदी छत्री धरलेली. फोटोवाली, मिझोबे नावाची चटपटीत मुलगी, उलटी चालत फोटो काढत होती. कोहेईने दुर्बीण बघितली आणि ओठ आत ओढले. चिनात्सुने बघितली आणि मिरवणुकीची चालच मोडली.

"आई? हे काय चाललंय?"

"तुझं ऑफिस येतंय."

"काय?"

"तुझं ऑफिस! दोन मिनिटांत! सूर्यासमोरून! तुझे बाबा कागद घेऊन आले का?"

बाबा आले नव्हते. तोकिएबाईंनी खिसे चाचपले. किमोनोला खिसे नसतात. कुरोझुमीने टॅक्सीतून नकाशा आणला, तो रंगीत होता. फोनवरची बाई म्हणाली आणि मी म्हणालो, "दहा वाजून चाळीस मिनिटं वीस सेकंद!"

चिनात्सु आईकडे बघत होती. मग तिने उजवा हात पुढे केला. लग्नाच्या किमोनोची बाही गुडघ्याच्या खाली लोंबते. जाड रेशीम, बर्फासारखं पांढरं.

"यावर पाड."

"वेडी आहेस का? भाड्याचा आहे तो!"

"जळेल का?"

"नाही, एवढा मोठा पाडला तर नाही जळत."

"मग पाड ना!"

कोहेईने बाहीचं खालचं टोक धरलं, चिनात्सुने वरचं, आणि दोघांनी ती ताणून दुर्बिणीच्या मागे धरली. छत्रीवाल्याला हात्सुएताईंनी खांद्याला धरून हलवलं, तेव्हा बाही लाल सावलीत आली. काळ्या कपड्यांतले काका-मामा आपणहून कडेने दाटीने उभे राहिले आणि सावली आणखी गडद झाली. तोकिएबाईंनी स्क्रू फिरवला. बाहीवर एक धूसर गोळा आला, हलला, आवळला आणि बशीएवढा लखलखीत सूर्य झाला. त्यावर डागांचे दोन पुंजके.

"अगं बाई," हात्सुएताई म्हणाल्या. एवढंच.

"चिनात्सु, हलू नकोस!"

"मी नाही हलत, मला हसू येतंय!"

"नंतर हस! मिझोबे-सान, बाहीवर नेम धरा. मी सांगेपर्यंत बटणावरचं बोट उचलायचं नाही!"

"नवरीचा चेहरा नको?"

"चेहरा तिला जन्मभर आहे!"

"दहा वाजून एक्केचाळीस मिनिटं चाळीस सेकंद," मी म्हणालो. बासरीवाला थांबला होता. पुजारीही वाकून बघत होते. सूर्य कडेला सरकायला लागला, तोकिएबाईंनी बोटाच्या टोकाने त्याला परत मध्ये आणलं. मिझोबेचा कॅमेरा टिपरी वाजल्यासारखा सुरू झाला.

"पन्नास सेकंद!"

एक. दोन.

सूर्याच्या खालच्या कडेवर तांदळाच्या दाण्याएवढं काळं काहीतरी उगवलं, दोन्ही बाजूंना पंख होते, ते तिरकं सरसर गेलं आणि बाहीवरून पडलं.

मग जो आवाज झाला तो देवळात चालतो का, हे मला माहीत नाही. चिनात्सु बाही धरूनच उड्या मारत होती, त्यामुळे सूर्यही उड्या मारत होता. कोहेईचा एक मामा दुसऱ्याच्या पाठीवर थापा मारत होता. सगळ्यात मोठा आवाज कुरोझुमीचा.

"गेलं?" हात्सुएताई नाक धरून म्हणाल्या. "मला शिंक आली! कुणीतरी सांगा, गेलं का?"

दहा त्रेचाळीसला मोरिकाझु पाचशे कोऱ्या कागदांचा गठ्ठा छातीशी धरून धावत आला. "हा घे! कुठाय?"

"गेलं," तोकिएबाई म्हणाल्या.

"मग याचं काय करू?"

"वारा घाला मला."

तोपर्यंत सगळे मिझोबेच्या पाठीवर लवंडले होते. ती एकेक फोटो मागे घेत होती. रिकामा सूर्य. रिकामा सूर्य. रिकामा सूर्य. तोकिएबाईंचा चेहरा मी बघितला. एक सेकंद उशिरा दाबलेलं बटण त्यांना आठवत होतं, दुसरं काही नाही. मिझोबेने आणखी एक मागे घेतला. ठिपका. पुढे आणखी. मी मोजले, अकरा. सातव्यात पंख वेगळे दिसत होते.

चिनात्सुने नाक कॅमेऱ्याच्या पडद्याला लावलं. "हे पंख म्हणजे सौरपट्टे. हा मधला आडवा सांगाडा. आई, माझ्या नळ्या इथे, या टोकाला."

"कुठे?"

"इथे."

"मला दिसत नाहीत."

"मलाही नाही. पण इथेच आहेत. आत्ता तिथे काकेगावा-सान लक्ष ठेवून असेल. मी लग्नाला आलेय म्हणून त्याने पाळी बदलून घेतली."

तोकिएबाई त्या ठिपक्याच्या टोकाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी कमरेपासून वाकून पडद्याला नमस्कार केला. "काकेगावा-सान, आभारी आहे," त्या म्हणाल्या, आणि पट्टा मागून सुटला.

तो अकरा मिनिटांत बांधला गेला. हात्सुएताई, नवऱ्या मुलाची आई आणि एक मामी, तिघींनी मिळून बांधला. विधी अकरा वाजून चार मिनिटांनी सुरू झाला. वधूवर विधीतल्या मद्याचे तीन घोट घेत असताना तोकिएबाईंना पुन्हा ते उचकीसारखं हसू आलं, ते चिनात्सुपर्यंत पोचलं, आणि मंत्र म्हणता म्हणता पुजाऱ्यांनाही एकदा थांबून घसा साफ करावा लागला. कुणी रागावलं नाही. टॅक्सी बाहेर उभीच होती.

जेवणाच्या शेवटी नवरीने पत्र काढलं. "आई, बाबा," एवढं वाचलं आणि मागे पडद्यावर सातवा फोटो लागला, भिंतीएवढा. त्सुकुबाहून आलेले बावीस सहकारी जागचे उठले. पडद्यापाशी जाऊन कुठला भाग कुठे यावर त्यांचा वाद सुरू झाला, आणि पत्र हातात धरून नवरीही वाद घालायला गेली. रुमाल कुणाचेच भिजले नाहीत. मोरिकाझुचा तेवढा भिजला, पण तो म्हणाला, धावल्यामुळे.

रविवारी सकाळी नऊला मी अंगणातून डोकावलो. तोकिएबाई काठीवरचं झाकण काढून दुर्बिणीला लावत होत्या. आदल्या दिवसाचा तक्ता त्यांनी पाठवलाही होता. मंडळाच्या तक्त्यात एक रकाना असतो: प्रतिमा कशावर पाडली. त्यात त्यांनी लिहिलं होतं, "मुलगी, उजवी बाही."

सव्वानऊला मंडळाच्या चिटणीसांचा फोन आला. हे कडक गृहस्थ आहेत. मला वाटलं, रकान्यावरून बोलतील.

"अभिनंदन," ते म्हणाले. "बाही रेशमाची होती का?"

"हो."

"साधी की विणकामाची?"

"पांढऱ्यातच पांढरे करकोचे विणले होते."

"तेच विचारत होतो. तुम्ही बारा डाग लिहिलेत. बाकी सगळ्यांनी अकरा."

तोकिएबाई आत गेल्या. मिझोबेने पाठवलेला फोटो घेऊन आल्या, उन्हात धरला, चष्मा वर केला आणि बराच वेळ बघितला.

"अकराच लिहा," त्या फोनवर म्हणाल्या. "बारावा करकोच्याचा डोळा आहे."